विज्ञान दिनाला बायोगॅस, सेन्सर आणि हायड्रोजनचे फुगे: "मास्क कुठला घेऊ?" याचं जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गोव्यात डिचोलीकडच्या एका गावात तुमचा विज्ञान गट आहे, अकरावी-बारावीची मुलं आणि चार-पाच मोठी माणसं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात तीन गोष्टी करायच्यात. निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये शेण आणि ओला कचरा कुजवून बायोगॅस पेटवून दाखवायचा. एमक्यू सेन्सर (गॅस ओळखणारे छोटे स्वस्त सेन्सर) जोडून गावातली वापरात नसलेली सेप्टिक टाकी, एक जुनी विहीर आणि पलीकडे दिवाडी बेटावरच्या खाजनातला (बांध घातलेल्या खाऱ्या पाण्याच्या शेतजमिनीतला) चिखल इथे कुठला गॅस किती आहे ते मोजायचं. आणि शेवटी हायड्रोजनचे फुगे सोडायचे. विचारलंय मात्र एवढंच, की एन-९५ मास्क पुरेल का, नाहीतर दोन-तीन हजारांत दुसरा कुठला घेऊ.

एन-९५ नाही पुरणार, तो धूळ आणि बारीक कण अडवतो, गॅस त्यातून सरळ आत येतो. पण मी इथेच थांबलो तर तुम्ही उद्या दुकानात जाऊन कार्ट्रिजवाला मास्क (गॅस शोषणारा डबा लावलेला) आणाल आणि तो घालून कोणीतरी त्या टाकीत डोकं घालेल, म्हणून पुढचं सगळं लिहितोय. माझं काम कारखान्यांत गॅस डिटेक्टर बसवायचं आणि कॅलिब्रेट करायचं, म्हणजे त्यांचा आकडा बरोबर येतो का ते तपासून जुळवायचं, वेर्णे, कुंडई या बाजूला, आणि शाळा-हायस्कूलवाले बोलावतात तेव्हा त्यांच्या प्रदर्शनातल्या प्रयोगांकडेही एक नजर टाकून येतो. तिथे मास्कचा प्रश्न आम्ही सगळ्यात शेवटी काढतो. आधी विचारायचं असतं की गॅस एकूण किती आहे, तो कुठे साचेल, आणि त्या वेळी माणूस कुठे उभा असेल. ही तीन उत्तरं नीट असली तर तुमच्यासारख्या प्रकल्पात मास्क लागतच नाही, आणि नीट नसली तर दोन-तीन हजारांचा मास्क वाचवत नाही.

आता "किती" हे हिशेबाने बघूया, कारण मुलांना पण हा हिशेब करायला लावला की अर्धी शिस्त आपोआप येते. समजा ड्रममधून टायरच्या ट्यूबमध्ये तुम्ही ५० लिटर बायोगॅस साठवलात. बायोगॅसमध्ये साधारण ५० ते ६५ टक्के मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड म्हणजे आपला एच-टू-एस, सडक्या अंड्याच्या वासाचा. हा एच-टू-एस कचऱ्यात काय घातलं यावर काहीशे पीपीएमपासून काही हजार पीपीएमपर्यंत असू शकतो (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग). आपण २००० धरू. म्हणजे ५० लिटरमध्ये १०० मिली एच-टू-एस. ती ट्यूब दहा बाय दहा बाय दहा फुटांच्या खोलीत फुटली तर खोलीत हवा साधारण २८,००० लिटर, सगळं नीट मिसळलं तर एच-टू-एस येतो साडेतीन पीपीएमच्या आसपास. वास मारेल, दारं-खिडक्या उघडून सगळे बाहेर पडतील, फार तर कोणाचं डोकं दुखेल. मिथेन येतो ०.१ टक्का, आणि मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला तरच पेटतो, म्हणजे स्फोटाच्या जवळपासही नाही.

पण हाच गॅस मिसळायच्या आधी, ड्रमचं झाकण काढून कोणी आत वाकून बघितलं, तर त्याच्या नाकाशी २००० पीपीएमच आहे. एच-टू-एसला १०० पीपीएम ही जिवाला तात्काळ धोका मानायची पातळी आहे. ७०० ते १००० मध्ये माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. गॅस तोच, ड्रम तोच, ट्यूब खोलीत फुटली तर नुसता वास आणि तोंड ड्रमात घातलं तर मृत्यू. म्हणून माझा पहिला नियम मुलांसाठी असा असतो की ड्रमच्या, टाकीच्या, विहिरीच्या तोंडाच्या आत नाक जाणार नाही, बघायचं असेल तर मोबाईल काठीला बांधून फोटो काढा (आणि तोही पेटणारा गॅस नाही याची खात्री असेल तिथेच, मोबाईलपण विजेचंच यंत्र आहे).

"वास आला की बाजूला होऊ" हे एच-टू-एसच्या बाबतीत चालत नाही. त्याचा वास फार थोड्याला येतो, पीपीएमच्या शंभराव्या भागालासुद्धा. पण १०० पीपीएमच्या पुढे वास घेणारी नसच बधिर होते आणि वास बंद होतो. त्यामुळे आधी घाण वास होता आणि आता येत नाही म्हणजे गॅस गेला असं वाटतं, आणि नेमकं उलटं झालेलं असतं. कमी प्रमाणातसुद्धा बराच वेळ बसलं की नाक सरावतं. कारखान्यातले जुने लोक छातीठोकपणे सांगतात, "आमचं नाक म्हणजे मीटर आहे," त्यांच्याशी मी वाद घालत नाही, मीटर हातात देतो.

दुसरा प्रश्न, साचेल कुठे. पाठ्यपुस्तकात मिथेन हलका असतो म्हणून लोक समजतात बायोगॅस वर उडून जाईल. शुद्ध मिथेन जातो, तो हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा. पण त्यात ४० टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला की मिश्रण जवळजवळ हवेइतकंच जड होतं, आणि अर्धा-अर्धा असेल तर हवेपेक्षा किंचित जड. म्हणजे बायोगॅस वर पण जात नाही आणि खाली पण बसत नाही, जिथे सुटला तिथेच रेंगाळतो आणि वारा नेईल तिकडे जातो. एच-टू-एस, कार्बन डायऑक्साइड, क्लोरीन हे जड, खड्ड्यात, टाकीत, तळघरात बसणारे. काजूच्या दिवसांत रस आंबतो त्या बंद खोपीतही हाच कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो, त्याला वास नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही. आणि हलका म्हणून अमोनियावर पण विसंबू नका. जानेवारी २०१८ मध्ये वास्कोजवळच्या चिखलीला हायवेवर अमोनियाचा टँकर उलटला होता, आजूबाजूच्या लोकांना रात्रीच घरं सोडावी लागली. अमोनिया हवेपेक्षा बराच हलका, पण टँकरमधून द्रवरूपात बाहेर पडतो तेव्हा इतका थंड असतो की धुक्यासारखा जमिनीला चिकटून पसरतो.

वाऱ्याचं आपल्याकडे एक आहे. फेब्रुवारीत सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून, आणि दुपार होता होता समुद्राचा वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून सुरू होतो, डिचोलीपर्यंत यायला त्याला थोडा उशीर होतो एवढंच. म्हणजे तुम्ही सकाळी नऊला स्टॉल लावताना प्रेक्षक वाऱ्याच्या वरच्या बाजूला (वारा येतो त्या बाजूला) बसवलेत तर दुपारी तीनला तेच प्रेक्षक खालच्या बाजूला आलेले असतात! बांबूला एक साधी फीत बांधा आणि ती उलटी फिरली की स्टॉल बंद करून जागा बदला, हे काम एका मुलाला नेमून द्या. आणि ड्रम मांडवात नकोच, मांडवाला तिन्ही बाजूंनी कापड लावलेलं असतं, उघडा दिसत असला तरी हवा खेळत नाही. बाहेर, सावलीत, आणि पाहुणे जिथे समई पेटवणार तिथून लांब. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण दीपप्रज्वलनाचं टेबल आणि गोबरगॅसचा स्टॉल शेजारी-शेजारी मांडलेले मी बघितलेत, दोन्ही "मुख्य आकर्षण" म्हणून दारातच.

आता ड्रम. इथे थोडा वेळ घालवतो कारण तुमच्या तीन गोष्टींत ही खरोखर करण्यासारखी आहे. ड्रम कधीही घट्ट बंद करून ठेवायचा नाही, गॅस बनायचा थांबत नाही आणि प्लास्टिक कधी फुगून फुटेल सांगता येत नाही. झाकणातून एक नळी काढून ती पाण्याच्या बाटलीत १०-१५ सेंटीमीटर बुडवून ठेवा, दाब वाढला की गॅस पाण्यातून बुडबुडे काढत निघून जाईल, दुसरा कुठला सेफ्टी व्हॉल्व लागत नाही. १० सेंटीमीटर पाणी म्हणजे एक किलोपास्कलच्या आसपास दाब, एवढ्यावर बर्नर आरामात चालतो. त्या बाटलीतून सुटणारा गॅस डोक्यावरून वर जाईल अशा नळीने बाहेर काढा. आणि बर्नरकडे जाणाऱ्या लाइनवर दुसरी पाण्याची बाटली, गॅस पाण्याखालून येऊन पुढे जायला हवा, म्हणजे ज्योत उलटी नळीत शिरली तरी पाण्याशी थांबते. बाटलीतलं पाणी उन्हाने कमी होतं, रोज सकाळी बघायचं. बर्नरच्या आधी एक बॉल व्हॉल्व, तो हाताला चटकन येईल असा.

पहिला गॅस पेटवायचा नाही, हे फार महत्त्वाचं. सुरुवातीला ड्रमच्या वरच्या भागात हवा असते, तिच्यात मिथेन हळूहळू मिसळत जातो आणि मध्ये कधीतरी तो ५ ते १५ टक्क्यांच्या टप्प्यातून जातोच, त्या वेळी काडी लावली तर ज्योत निघण्याऐवजी धडाका होतो. ट्यूब दोन-तीनदा भरून उघड्यावर रिकामी करा, मगच बर्नरला जोडा, आणि पेटवताना ट्यूबच आणायची, ड्रम आपला लांब तिथेच राहू दे. काय घालायचं यावर पण बरंच अवलंबून आहे. मासळी बाजारातली आतडी-खवले घातले की गॅस जोरात येतो म्हणून कोणीतरी सुचवेलच, पण त्यातल्या प्रोटीनमुळे एच-टू-एस आणि अमोनिया दोन्ही वाढतात. शेण, भाजीची डेखं, भात, एवढंच ठेवा. एच-टू-एस कमी करायला लोक नळीत गंजलेला लोखंडी कीस किंवा स्टील वूल भरतात, ते काम करतं, गंजाशी संयोग होऊन काळं आयर्न सल्फाइड बनतं. मात्र तो वापरलेला काळा कीस बाहेर काढून कोरडा टाकू नका, हवा लागली की तापतो, कधी आपोआप पेटतो. काढला की लगेच पाण्याच्या बादलीत.

आणि ड्रम धुताना. माझ्या अनुभवात प्रयोग चालू असतो तेव्हा सगळे शहाण्यासारखे वागतात, गडबड होते ती कार्यक्रम झाल्यावर, सर घरी गेलेले असतात आणि दोन मुलांना सांगितलेलं असतं "तेवढा ड्रम धुऊन टाका रे." तळाचा काळा गाळ ढवळला की त्यात अडकलेला एच-टू-एस एकदम सुटतो. वर वास जावा म्हणून कोणी टॉयलेट क्लीनर ओततो, त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड, आणि गाळातल्या काळ्या सल्फाइडवर ॲसिड पडलं की पुन्हा एच-टू-एस, लॅबमध्ये तो मुद्दाम बनवतात त्याच पद्धतीने. मग कोणाच्या तरी घरात विहिरीत टाकायला आणलेली ब्लीचिंग पावडर असते, ती पण टाकतात, आणि ॲसिड अधिक ब्लीचिंग म्हणजे क्लोरीन. एका हायस्कूलच्या मागच्या अंगणात हे सगळं ओळीने होताना मी थांबवलंय, दोन मुलं खोकत होती, बाकी काही झालं नाही. तर ड्रम उघड्यावर, झाकण काढून दिवसभर तसाच ठेवा, मग लांबून पाइपने पाणी मारून आडवा करून गाळ खड्ड्यात ओता, माती टाका. साबण आणि पाणी, बाकी काही नाही. मोठं माणूस समोर हवंच.

सेन्सरकडे येतो. एमक्यू मालिकेचे सेन्सर स्वस्त आणि शिकायला मस्त आहेत, एमक्यू-४ मिथेनसाठी, एमक्यू-१३६ एच-टू-एससाठी म्हणून विकतात. पण "साठी म्हणून विकतात" हेच खरं आहे, तो दुसऱ्या गॅसलाही प्रतिसाद देतो, अगदी अल्कोहोलच्या वाफेलाही, शिवाय हवेतल्या दमटपणाने आकडा सरकतो आणि आपल्याकडे दमटपणाला काही तोटा नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर २४ तास, शक्य असेल तर ४८ तास तापू द्यावा लागतो. आणि ड्रमच्या झाकणाला फट राहू नये म्हणून तुम्ही जो सिलिकॉन सीलंट लावणार तो ओला असताना त्याची वाफ या सेन्सरला कायमचं बिघडवते, कारखान्यातल्या महागड्या ज्वलनशील गॅसच्या सेन्सरलाही बिघडवते, तेव्हा सीलंट पूर्ण वाळेपर्यंत सेन्सर दुसऱ्या खोलीत. एमक्यूचा उपयोग "काल होता त्याहून आज वाढला की घटला" हे दाखवायला. त्याच्या आकड्यावर "इथे आत जायला सुरक्षित आहे" असं ठरवायचं नाही, कधीच नाही. दुसरं म्हणजे त्याच्या आत तापलेला हीटर असतो, बाहेर रिले, बजर, सैल पिना. पेटणारा गॅस भरलेल्या बंद जागेत हे वायरला बांधून सोडणं म्हणजे आपणच आत ठिणगी पाठवणं. सेन्सर बाहेर ठेवून छोट्या पंपाने नळीतून नमुना ओढायचा असतो.

सेप्टिक टाकी मात्र यादीतून काढा. "उतरणार नाही, नुसता सेन्सर सोडणार" असं तुम्ही लिहिलंय, मला विश्वास आहे, पण सेन्सरची वायर अडकते, सेन्सर पडतो, आणि मग "थांब मी काढतो" म्हणणारा एक मुलगा प्रत्येक गटात असतो. आमच्या धंद्यात अशा ठिकाणी शिरायच्या आधी चार गॅसचा मीटर लावतात, आधी ऑक्सिजन बघतात, मग पेटणारा गॅस, मग विषारी. हा क्रम उगाच नाही, पेटणारा गॅस मोजणारा नेहमीचा सेन्सर स्वतः ऑक्सिजन वापरून चालतो, ऑक्सिजन फार कमी असला तर तो शून्याजवळचा आकडा दाखवतो आणि टाकी गॅसने गच्च भरलेली असते. ऑक्सिजन बाहेरच्या हवेत २०.९ टक्के, १९.५ च्या खाली अलार्म वाजतो. वरून, मधून, तळातून, तीन ठिकाणी वेगवेगळा नमुना घेतात, कारण वर स्वच्छ आणि खाली विष असं असतं. हे सगळं करूनही बाहेर दोरी धरून दुसरा माणूस उभा असतो. तुमच्या गटाकडे यातलं काही नाही आणि असावं अशी अपेक्षाही नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय टाकी साफ करायला माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आणली ती अशीच माणसं मरत होती म्हणून, आणि अजूनही मरतातच.

जुन्या विहिरीचंही तेच. कोणी म्हातारा सांगेल, कंदील सोडून बघा, विझला नाही तर उतरा. कंदील ऑक्सिजन बराच कमी झाला तर विझतो, तेवढं खरं, पण एच-टू-एस माणसाला मारण्याइतका असला तरी ज्योत जळतच राहते, आणि मिथेन असला तर कंदीलच आग लावतो. कामाच्या जागच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या एनआयओएसएच संस्थेने १९८६ मध्ये लिहून ठेवलंय की बंद जागेत मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त हे पहिल्याला वाचवायला गेलेले होते. आपल्याकडच्या विहिरीच्या बातम्या वाचा, एका मागोमाग तीन-चार नावं असतात आणि पुष्कळदा आडनाव एकच असतं.

त्यापेक्षा खाजनाचा चिखल कितीतरी चांगला विषय आहे, तिथे डोक्यावर आकाश आहे. पाण्याखालचा चिखल काठीने ढवळायचा, वर येणारे बुडबुडे पालथ्या फनेलमधून पाण्याने भरलेल्या उलट्या बाटलीत धरायचे. व्होल्टाने १७७६ मध्ये इटलीतल्या मॅजोरे सरोवराच्या काठी असाच दलदलीतला गॅस गोळा करून मिथेन ओळखला होता. आणि यात खरा प्रश्नही आहे मुलांसाठी: खाऱ्या पाण्यात सल्फेट भरपूर म्हणून सल्फेटवर जगणारे जिवाणू पुढे राहतात, मिथेन बनवणारे मागे पडतात, त्यामुळे खाजनाच्या चिखलात सडक्या अंड्याचा वास जास्त आणि पेटणारा गॅस कमी, गावातल्या गोड्या तळ्यात उलटं. मानशीच्या (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) आतला, बाहेरचा आणि तळ्यातला चिखल घेऊन तुलना करा, तक्ता मस्त होतो. एका बाटलीत गॅस जमतो तो काहीशे मिली, उघड्यावर त्याने काही बिघडत नाही, फक्त बाटली नाकाशी नेऊन हुंगायची नाही. तिथे धोका गॅसचा कमी आणि बाकीचा जास्त, भरतीची वेळ बघून जा, चिखलात पाय रुततो, मानशीच्या दारापाशी पाण्याला ओढ असते, आणि कुंभारजुव्याच्या कालव्याकडे जाणार असाल तर मगरी आहेत, ही मस्करी नाही.

इथपर्यंतचं एकत्र करून सांगायचं तर ड्रम हो, उघड्यावर आणि पाण्याच्या बाटल्या लावून. चिखल हो. टाकी आणि विहीर नाही. एमक्यू तुलनेसाठी. उरले फुगे.

हायड्रोजनचे फुगे नकोत. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठेही पेटतो, आणि त्याला लागणारी ठिणगी मिथेनच्या ठिणगीच्या दहाव्या भागाहूनही लहान, सिंथेटिक कपडा अंगावरून ओढला तरी पुरते. दिवसाउजेडी त्याची ज्योत धड दिसत पण नाही. त्यात तुम्ही ॲल्युमिनियमचे तुकडे आणि कॉस्टिक सोडा बाटलीत घालून गॅस काढणार म्हणता. ती क्रिया सुरुवातीला सुस्त असते म्हणून माणूस अजून थोडं घालतो, मग एकदम तापते, उकळतं कॉस्टिक नळीतून बाहेर फवारतं, आणि कॉस्टिक डोळ्यात गेलं तर डोळा जातो. हे मुलांच्या हातात द्यायचं नाही. शिवाय गर्दीत पोरं फुगा घेऊन धावणार, कोणीतरी बिडी ओढत असणारच. मोकळे सोडायचे म्हटलं तर दाबोळी आणि मोपा, दोन विमानतळ आहेत आपल्या एवढ्याशा राज्यात, परवानगीशिवाय आकाशात झुंडीने फुगे सोडूच नयेत. हेलियम पेटत नाही, त्याचे दोन-चार फुगे दोरीला बांधून चालतील, पण सिलिंडरवाला सोडून कोणी सिलिंडरला हात लावू नये आणि नळीला तोंड लावून आवाज बारीक करायची गंमत कोणीच करू नये, सिलिंडरच्या दाबाने फुप्फुस फाटतं आणि श्वासात ऑक्सिजन उरत नाही.

हायड्रोजन दाखवायचाच असेल तर टेस्ट ट्यूबभर दाखवा. पाण्यात धुण्याचा सोडा घालून, पेन्सिलीची दोन शिसं आणि ९ व्होल्टची बॅटरी, दोन वेगळ्या नळ्यांत दोन गॅस. एक अँपिअर करंट असला तर मिनिटाला सात-साडेसात मिली हायड्रोजन निघतो, ९ व्होल्टची छोटी बॅटरी एवढा करंट देत नाही, म्हणजे घाई करून जास्त बनवायचं म्हटलं तरी जमत नाही आणि हेच मला आवडतं. टेस्ट ट्यूबच्या तोंडाशी जळती काडी नेली की "पॉप" होतो, मागच्या ओळीपर्यंत ऐकू जातो. डोळ्यांना चष्मा, दोन्ही गॅस एका नळीत जमू द्यायचे नाहीत, मिसळले तर काचेचे तुकडे होतात. आणि सोड्याऐवजी घरातलं मीठ घालायचं नाही, मिठाच्या पाण्यातून ऑक्सिजनच्या जागी क्लोरीन यायला लागतो, यूट्यूबवरच्या निम्म्या व्हिडिओंत मीठच दाखवतात.

मास्कवर परत येतो, विचारलंत म्हणून. कार्ट्रिजवाला मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन बनवत नाही, त्यामुळे टाकी-विहिरीत त्याचा उपयोग शून्य. कार्ट्रिज गॅसप्रमाणे वेगळं, रंगाच्या वाफेसाठीचं एच-टू-एसला चालेलच असं नाही, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड तर त्यातून सरळ जातात. दाढी असली की कडेने हवा आत येते. पाकीट उघडल्यापासून कार्ट्रिज दमट हवेत झिजायला लागतं, गेल्या वर्षीचं कपाटात पडलेलं म्हणजे नुसतं ओझं. तुमच्या दोन-तीन हजारांत सगळ्यांना बाजूनेही झाकणारे चष्मे, रबरी हातमोजे, दोन वाळूच्या बादल्या आणि एक चांगला बॉल व्हॉल्व येतो. चार गॅसचा मीटर तुमच्या बजेटच्या कितीतरी पुढे आहे आणि माझ्या मते या कार्यक्रमाला लागतही नाही. कोणी ओळखीने एक दिवसासाठी दिलाच तर कॅलिब्रेशनची तारीख बघा आणि त्याच सकाळी प्रमाण माहीत असलेला गॅस मारून अलार्म वाजतो का ते त्यांच्याकडूनच करून घ्या, चालू होऊन शून्य दाखवणारा मीटर मेलेलाही असू शकतो.

कोणाला काही झालं तर आधी उघड्यावर, वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाजूला. बंद जागेत कोणी पडला असेल तर आत कोणीही शिरायचं नाही, १०१ आणि १०८, अग्निशमनवाल्यांकडे पाठीवरच्या सिलिंडरची श्वसनयंत्रं असतात, त्यांना आत जाऊ दे. डॉक्टरांना गॅसचं नाव सांगा, किंवा निदान काय काय मिसळलं ते. क्लोरीन छातीत गेला असेल तर लगेच बरं वाटलं म्हणून घरी पाठवू नका, फुप्फुसात पाणी व्हायला काही तास लागू शकतात, तेवढा वेळ देखरेखीखाली राहू दे. हे दोन नंबर आणि जवळच्या हॉस्पिटलचा रस्ता कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एका कागदावर लिहून स्टॉलला चिकटवा.

आणि ड्रम अजून भरला नसेल तर आता उशीर करू नका, ताजं शेण घातलं तरी धड पेटणारा गॅस यायला तीन-चार आठवडे सहज जातात, म्हणजे जानेवारी संपायच्या आत भरून व्हायला हवा. भरण्याआधी झाकणाचा आणि नळ्या कुठून काढल्यात त्याचा फोटो मला पाठवा, व्हॉल्व कुठे बसवायचा ते बघून सांगतो.